मधली जागा

हिंदुरावानं गिअरची दांडी ओढली आणि ती हलली नाही. त्यानं दात आवळून पुन्हा ओढली, पुढं ढकलली, क्लच दाबून तिच्या सात पिढ्या काढल्या, तरी दांडी आपली स्टिअरिंगखाली आडवी ती आडवीच. मागं हौद्यात प्रेमलाची ट्रंक, वळकटी आणि पाटा-वरवंटा चढवून झाला होता. ती स्वतः दाराशी उभी होती, धुवट लुगडं नेसून, गालात पान धरून. मला त्या वेळी घाबरायला हवं होतं. आता एवढी तयारी केली, चार लोक बघतायत, आणि गाडी दारातच अडली. पण माझे हात अगदी निवांत कमरेवर होते. मला बरं वाटत होतं. हे कळल्यावर मात्र मी हिंदुरावावर, माझ्या लेकावर, ओरडले, "पुरुषासारखा पुरुष तू, एक दांडी हलंना तुला!" तो म्हणाला, "तू ये, तू हलव." आणि प्रेमला तोंड फिरवून हसली.

प्रेमला माझी जाऊ. धाकट्या दिराची बायको. दीर लग्नानंतर लवकरच कावीळ होऊन गेला, मूलबाळ नाही, माहेरी सावत्र आई, म्हणून ती राहिली ती आमच्यातच राहिली. बिबवेवाडीला तेव्हा शेत होतं, विहीर होती, मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते. आता वाफ्यांवर सोसायटी उभी आहे आणि तिच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत असतात. राहतं घरही पाडून नवं बांधायचं ठरलं. पाडायच्या आधी एकदा मेथी निवडताना प्रेमला खालमानेनं म्हणाली, "आक्का, मी खडकीला जाते, श्रीनिवासकडं." श्रीनिवास तिच्या भावाचा मुलगा, दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे, सरकारी क्वार्टर आहे. तिनं सांगितलं आणि थांबली. निवडायची थांबली. तिच्या हातात एक जुडी तशीच राहिली. मला तेवढ्यात दोन शब्द बोलायचे होते, कशाला जातीस. एवढेच. पण माझ्या तोंडाला अशा शब्दांची सवय नाही. मी म्हटलं, "जा की. पण रिक्षात बोचकं घालून न्हाई जायचं. लोक म्हणतील मथुरानं जावंला हाकलली. आपल्या घरची गाडी हाय, तिच्यातनं जायचं." हिंदुराव म्हणाला, टेम्पो आहे की. मी म्हटलं, टेम्पोत भाजी जाते, माणूस न्हाई. प्रेमलानं पुन्हा मेथी निवडायला घेतली. "बरं," ती म्हणाली. "ट्रकनं जाईन." म्हणजे ट्रक चालला तर ती जाणार, आणि नाही चालला तर नाही. हे मी बोलून गेले तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. दांडी अडकली तेव्हा आलं.

त्या गाडीला ट्रक म्हणायचो ते आम्हीच. मोठे ट्रकवाले हसायचे. आमच्या मालकांनी ती खडकीच्या लष्करी लिलावातून आणली, स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. पुढं एकच लांब बाक, मागं लहानसा हौदा, आणि गिअर खाली जमिनीतून वर आलेला नाही तर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, डाव्या अंगाला, हँडगिअर. गावातली माणसं बघायला आली होती. कुणी म्हणालं, गेनबा, हिचा गिअर चोरीला गेला की काय? मालकांनी दांडी दाखवली. खाली गिअर नसल्यामुळं बाकावर मधली जागा मोकळी राहते, तिघं बसतात, म्हणजे चालवणारा, मधला आणि खिडकीचा. त्या मधल्या जागेनं माझं आयुष्य खाल्लं. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

युसूफ मिस्त्री शनिवार पेठेतून दुपारी आला. गाडी आणली त्या वर्षापासून तिला हात लावणारा तोच. आता दाढी पांढरी आणि गुडघे कामातून गेलेले, पण तोंड तसंच.

"वहिनी, पेटी उतरवावी लागणार," आल्या आल्या तो म्हणाला.

"मिस्त्री, तुम्ही अजून खाली वाकलासुद्धा न्हाई."

"वाकायचं काय काम? गिअरपेटीचं दुखणं आवाजावरनं कळतं."

"दांडी हलतच न्हाई तर आवाज कसला?"

"तेच की! आवाज न्हाई म्हंजे पेटी."

"आन् पेटी उतरवायला किती दिवस?"

"चार म्हणा, आठ म्हणा. पार्ट मिळाला तर."

"लागू द्यात," मी म्हटलं, आणि फार लवकर म्हटलं. प्रेमला ओट्यावर बसली होती तिथून तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पदर नीट केला. पदर नीटच होता.

मिस्त्री गोणपाट टाकून गाडीखाली गेला आणि मी दाराशी उभी राहिले. दार उघडं होतं, बाक दिसत होता. रेक्झिन फाटून काथ्या वर आलेला. मधल्या जागेवर खड्डा पडलेला आहे, तो माझा. खिडकीकडं एक खड्डा आहे, लहान, तो प्रेमलाचा. खिडकीच्या कडेला आतून पत्र्यावर चुन्याची बोटं, एकावर एक, वाळून पापुद्रे आलेली. पान लावून झालं की उरलेला चुना ती तिथं पुसायची. डावखुरी बाई, सगळं डाव्या हातानं. मी किती वेळा म्हटलं असेल, गाडी हाय ही, चुन्याची भट्टी न्हाई. ती म्हणायची, बरं. आणि पुढच्या चौकात पुन्हा पुसायची.

पहाटे मंडईला माल घेऊन जायचो आम्ही तिघं. मी आधी चढायचे, सरकायचे, मग प्रेमला. कधी तिला आधी चढू दिलं नाही. गाडीची दांडी जड होतीच, दिवसेंदिवस आणखी जड होत गेली, आणि मालक गिअर टाकायचे तेव्हा कोपर असं जोरात खाली यायचं की मधल्या माणसानं गुडघे डावीकडं सरकवले नाहीत तर मार बसायचा. मला शिकावं लागलं नाही. क्लचवर त्यांचा पाय गेला की माझे गुडघे सरकायचे. ते कधी काही बोलायचे नाहीत. मी काही बोलले तर हूं. प्रेमला काही बोलली तरी हूं. दोन्ही हूं मी मनात तोलून बघायचे, कुठलं जड आहे. आणि प्रेमला तर खिडकीजवळ बसून खिडकीबाहेर बघायचीच नाही. सगळं पुणं बाहेरून जायचं, दिवे जायचे, दूधवाल्यांच्या सायकली जायच्या, आणि ही मान वळवून माझ्यावरून पलीकडं बघत बसायची. माझ्या नवऱ्याकडं. मी मधे अशी ताठ बसायचे की तिला माझा अंबाडाच दिसावा.

तशी तिची काही चूक मी कधी पकडली नाही. पकडली असती तर बरं झालं असतं, सुटले असते. एकच गोष्ट होती. हिंदुरावाच्या वेळी मी बाळंतपणाला सासवडला माहेरी गेले होते, आणि त्या दिवसांत मालाबरोबर मंडईला हे आणि प्रेमला असे दोघंच जात होते. भाजी विकायला बाईमाणूस लागतं, त्यात काही वावगं नव्हतं. पण आमच्या शेजारची सोजरबाई मला बघायला आली आणि डिंकाचा लाडू खाता खाता म्हणाली, "प्रेमला काय खुलली गं आजकाल! काल दोघं माळावर गाडी घेऊन गेलेली दिसली." मी बारशाचं झबलं शिवत होते. सुई बोटात गेली, रक्त झबल्याला लागलं, ते मी तोंडानं चोखून काढलं. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये म्हणतात. मी बैलगाडी करून पोर पोटाशी बांधून आले. आई वेशीपर्यंत शिव्या देत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ट्रकमध्ये होते, पोर मांडीवर, कंबर बांधलेली, मधल्या जागेवर. यांनी विचारलं, "एवढ्यात?" मी म्हटलं, "का, जागा नव्हती का?" प्रेमला मुकाट्यानं खिडकीला बसली. त्या दिवसानंतर मी आजारी पडले नाही. पडलेच नाही. ताप अंगात घेऊन मंडईला गेले पण जागा सोडली नाही. मालक गेले, अंगणात तिरडी बांधत होते, तेव्हा लोक रडत होते आणि मला एक विचार शिवून गेला की आता मला खिडकीजवळ बसायला हरकत नाही. मग त्या विचाराची लाज वाटून मी मोठ्यानं रडले. तेव्हापासून गाडी शेडखालीच. हिंदुराव अधूनमधून इंजिन चालू करायचा, पण गिअर टाकून बाहेर काढायची ती खंडेनवमीला, धुवायची, पुजायची, पुन्हा आत.

"वहिनी!" मिस्त्री खालून ओरडला. "पेटी एकदम झकास हाय."

"आवाजावरनं कळलं का?"

"दांड्या सोडवल्या खालच्या. पेटीचे हात बोटानं हलतायत. दुखणं वर हाय, नळीत." तो गाडीखालून निघाला, हिंदुरावानं हात देऊन उठवला. स्टिअरिंगच्या दांड्याशेजारून गिअरची नळी खाली जाते. ती त्यानं वरून खालून मोकळी केली आणि ठोकून, पिळून, अल्लाचं आणि मधूनच खंडोबाचं नाव घेऊन बाहेर ओढली. नळीला गावठी गुळासारखा काळा-तांबडा लगदा चिकटलेला होता, वाळून दगड झालेला. त्यानं पान्यानं खरवडला, नाकाशी नेला. मग माझ्याकडं बघितलं.

"हे ग्रीस न्हाई. हे खायचं तेल हाय. वहिनी, गाडीला गोडंतेल कोण घालतं?"

खंडेनवमीला मी गाडीची पूजा करायचे. सगळे करतात. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. पण मी एक जास्तीचं करायचे. दांडीच्या मुळाशी जिथं ती नळीत शिरते तिथं एक फट आहे, तिथं पळीभर तेल सोडायचे आणि वर कुंकू. यांचा हात जिथं असतो तिथं. हात सुखरूप राहू दे, आणि माझ्या बाजूला राहू दे. दर वर्षी. ते गेल्यावरही सोडत राहिले, सवयीनं.

"तांदूळबी हाय हिच्यात," मिस्त्री लगदा चिवडत म्हणाला. "अक्षता टाकल्यात. अरे हिंदुराव, हा गिअर हाय का देव?" हिंदुराव खदाखदा हसला. "नुसत्या तेलानं एवढी घट्ट होत न्हाई पण," मिस्त्री म्हणाला, "चिकट होईल फार तर. हे बघ पांढरं काय हाय... चुना! तेलात चुना. नळवाले सांधा असाच भरतात, मग बाप आला तरी सुटत न्हाई. आता चुना कुठनं आला?"

कुणी बघितलं नसेल पण मी बघितलं. प्रेमलानं डावा हात पदराखाली घेतला.

खिडकीच्या कडेचा चुना मला माहीत होता. खिडकी तिची. पण दांडी बाकाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या पलीकडं, आणि माझ्यावरून तिचा हात तिथं कधी गेला नव्हता. मी जाऊ दिला नसता. म्हणजे मी नसताना. इतकी वर्षं जे मी मनात घोळवलं, निवडलं, पाखडलं, त्याला आज चुन्याचा पुरावा मिळाला होता आणि मला त्याचा आनंद होईना. मी ओट्यापाशी गेले. "काय गं," मी म्हटलं. आवाज हळूच निघाला. "तुझा हात तिकडं कधी पोचला?"

"गाडी रिकामी उभी असायची तवा बसायचे मी कधीमधी," ती म्हणाली.

"मधे?"

"मधे कशाला? हाकायच्या जागी." तिनं पान दुसऱ्या गालात घेतलं. "दांडी हलवून बघायचे. गाडी बंदच असायची, आक्का. बिघडवली न्हाई कधी."

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"भावजींनी शिकवायला घेतलं होतं मला," ती म्हणाली. "तुम्ही बाळंतपणाला गेला होता तवा. मीच मागं लागले. माळावर न्यायचे मंडईहून येताना. पहिला शिकले, दुसरा शिकले. तिसऱ्याच्या आधी तुम्ही आलात."

ती हे असं म्हणाली की जसं कुणी म्हणावं, भाजीला फोडणी दिली आणि पाऊस आला. तिच्या आवाजात राग शोधला मी, नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं. रागाला माझ्याकडं कायम उत्तर असतं. माझ्या डोळ्यांपुढं बाक आला, आम्ही तिघं, आणि तिची वळलेली मान, माझ्या अंबाड्याच्या आडून, कधी वरून, कधी खालून, काहीतरी बघायला धडपडणारी. ती यांचा हात बघत होती. हात कुठं जातो, कधी जातो. मी माझा नवरा झाकत होते आणि झाकला गेला होता गिअर. "मग नंतर का न्हाई शिकलीस?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायचा हक्क जगात एका माणसाला नव्हता आणि तेच माणूस विचारत होतं. ती म्हणाली, "जागा कुठं होती?"

मिस्त्रीनं नळी रॉकेलमध्ये बुडवली. माझं कुंकू आणि तिचा चुना घमेल्यात तळाला बसला, वर तेलाचा तवंग. त्यानं नळीला पॉलिश पेपर मारला, झिजलेले बुश बदलले, ग्रीस भरलं, खालच्या दांड्या जोडल्या. मी प्रत्येक गोष्टीला काहीतरी खुसपट काढत होते. इथं गंज राहिला. तो बोल्ट ढिला वाटतो. आज ऊन फार, उद्या करा. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, गाडी सुधारावी म्हणून बोलावलंय का सुधारू नये म्हणून?" प्रेमला ओट्यावरून म्हणाली, "आक्कांना कामात लक्ष घालायची खोड हाय, मिस्त्री. तुम्ही करा." ती माझी बाजू घेत होती का मला टोचत होती, मला कळलं नाही. ती कधीच कळली नाही.

"या, बघा कुणीतरी," अखेर मिस्त्री म्हणाला, "लोणी झालंय."

हिंदुराव हात धुवायला गेला होता. प्रेमला ओट्यावरून उतरली, कुणाला काही न विचारता गाडीला वळसा घालून पलीकडं गेली, लुगडं सावरून चढली आणि स्टिअरिंगमागं बसली. मिस्त्री काही बोलणार होता, मी त्याला हातानंच गप्प केलं. तिनं पाय क्लचवर टेकवला. डाव्या हातानं दांडी धरली, अंगाकडं ओढून खाली, पहिला. पुढं ढकलून वर, दुसरा. मग ती थांबली. समोर आमच्या अर्ध्या पाडलेल्या गोठ्याची भिंत होती, तिच्याकडं ती लांबवर रस्ता असल्यासारखी बघत होती. मग तिचा हात तसाच खाली उतरला. दांडी आवाज न करता जागेवर गेली. तिसरा. "अरे वा, काकी!" हिंदुराव मागून म्हणाला. ती एकदम म्हातारी होऊन खाली उतरली. तोंडावर काही नव्हतं. "चांगली झाली," मिस्त्रीला म्हणाली.

आता बोलायचं होतं मला. राहा. नव्या घरात तुझी खोली करू. हे मी आज सांगते आहे तेव्हा किती सोपं वाटतंय. तेव्हा मी ट्रंक नीट लागली आहे का ते बघायला हौद्यामागं गेले. पाट्याखाली गोणपाट सरकवलं. पुन्हा पुढं आले तर हिंदुरावानं इंजिन चालू केलं होतं आणि प्रेमला दाराशी बाजूला होऊन उभी होती, मी आधी चढावं म्हणून. नेहमीसारखी.

"चढ तू आधी," मी म्हटलं. "मधे बस."

तिनं माझ्याकडं बघितलं. थट्टा करते आहे का ते बघितलं असेल. "आता?" ती म्हणाली. "आता तिथं काय राहिलंय, आक्का? चढा."

मी चढले. सरकले. ती खिडकीला बसली.

स्वारगेट, शिवाजीनगर, मग खडकीचा रस्ता. ती या वेळी बाहेर बघत होती. दुकानांच्या पाट्या वाचत होती ओठातल्या ओठात. माझ्यासारखीच चौथी नापास. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हटलं, पाटा गुळगुळीत झालाय, टाकी लावून घे तिकडं गेल्यावर. एकदा म्हटलं, श्रीनिवासच्या बायकोला सांग तिखट कमी टाकत जा म्हणून, तुला सोसत न्हाई. ती म्हणाली, बरं. हिंदुराव गिअर टाकत होता ते कळतही नव्हतं. क्वार्टरपाशी श्रीनिवास वाट बघत होता, त्यानं सामान उतरवलं, चहाला चला म्हणाला. मी म्हटलं, घरी कामं पडलीत. प्रेमला माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जपून ऱ्हा. चुना भिंतीला पुसू नको, सरकारी हाय." ती हसली. खरंच हसली, पानानं रंगलेल्या दातांनी. मग श्रीनिवासबरोबर जिन्याकडं वळली.

परत निघालो. थोडं गेल्यावर हिंदुराव म्हणाला, "आई, सरक की तिकडं. सगळी सीट मोकळी हाय, माझ्या अंगावर कशाला बसलीस?" मी त्याला म्हटलं, तू रस्त्याकडं बघ. खिडकीच्या कडेला चुन्याचं एक बोट ओलं होतं, अजून वाळलं नव्हतं. खडकी स्टेशनच्या जवळ फाटकापाशी गाडी थांबली, आगगाडी गेली, फाटक उघडलं. हिंदुरावाचा पाय क्लचवर गेला. दांडी आता कुणाला मारणार नव्हती, दोन बोटांनी पडत होती. पण माझे गुडघे विचारत नाहीत. ते आपोआप डावीकडं सरकले, आयुष्यभर सरकले तसे. इतकी वर्षं प्रत्येक गिअरला ते तिकडं जाऊन तिच्या गुडघ्याला टेकायचे, आणि तिचा गुडघा कधी मागं सरायचा नाही. एवढं मी कधी ध्यानातसुद्धा घेतलं नव्हतं. मी दांडीकडं बघत होते, अडक म्हणत होते, एकदा तरी अडक. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला गुडघे पुन्हा तिकडं गेले आणि रेक्झिनवरून घसरून मोकळ्या जागेत थांबले.